शाळा सोडण्याची ऐपत

लखनौच्या गोमती नगर या वसाहतीचे विभाग 'खंड' या नावाने ओळखले जातात, आणि त्यांतील बहुतेकांची नावे 'व' या एकाच अक्षराने सुरू होतात: विनय, विवेक, विराम, विशाल, विपुल, विकास, विराज, विभूति. शब्दकोशाचे एखादे पान सुटून रस्त्यांवर पसरावे तसा हा प्रकार आहे. नवख्या माणसाची विवेकाकडून विनयाकडे जाताना वाट चुकते. जुना रहिवासी मात्र यात काही विनोद आहे हे केव्हाच विसरलेला असतो. गोमतीपलीकडची ही वसाहत लखनौ विकास प्राधिकरणाने आखून वसवली. चौक-अमीनाबादच्या गल्ल्यांना जी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते ती येथे नाही. येथे राहणारा बहुधा कुठून तरी आलेला असतो: कोणी बदलीच्या नोकरीतला, कोणी निवृत्तीच्या पैशातून घर बांधलेला, कोणी पूर्वेकडील जिल्ह्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी येऊन स्थिरावलेला. 'मुलांच्या शिक्षणासाठी' हे शब्द येथे वारंवार कानी पडतात. सकाळी सात वाजता चौकाचौकांत उभ्या असलेल्या शाळांच्या गाड्या पाहिल्या की ते शब्द खरेही वाटतात.

अशा या वसाहतीत, मुलीच्या शिक्षणासाठीच, तिला शाळेतून काढावे की काय, असा प्रश्न विराम खंडातील एका मराठी दांपत्यापुढे गेल्या हिवाळ्यात उभा राहिला. गृहस्थ एका बँकेत अधिकारी. मूळचे सातारा जिल्ह्यातले, नोकरीच्या बदल्यांत चार गावे पाहून लखनौला आलेले. त्यांच्या पत्नी रसायनशास्त्राच्या पदवीधर. लग्नाआधी दोन वर्षे सांगलीकडच्या एका माध्यमिक शाळेत त्यांनी विज्ञान शिकवले होते. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी.

प्रस्ताव शेजाऱ्यांकडून आला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील शाळा बंद झाल्या तेव्हा जवळपासच्या काही घरांनी आपली मुले एकमेकांच्या अंगणात, अंतर राखून, एकत्र बसवावयास सुरुवात केली होती. शाळा पुन्हा उघडल्या. पण त्या घरांपैकी काहींनी मुले परत पाठवलीच नाहीत. आज अशी पाच कुटुंबे आहेत. आठवड्यातून चार सकाळी मुले एका घरी जमतात. कोणाचे वडील गणित घेतात, कोणाची आई चित्रकला आणि बागकाम घेते, इंग्रजीसाठी एक शिक्षिका सर्वांनी मिळून नेमली आहे, आणि खर्च वाटून घेतला जातो. अशा योजनेला मराठीत अद्याप रूढ नाव नाही. 'सहकारी गृहशाळा' म्हणणे त्यातल्या त्यात जवळचे. त्यांना विज्ञान शिकवणारे कोणी हवे होते. मुलीला घ्या आणि तुम्हीही या, असे आमंत्रण होते. उत्तर मार्चअखेर हवे होते, कारण उत्तर प्रदेशात शाळांचे नवे सत्र १ एप्रिलला सुरू होते आणि नाव काढायचे तर त्याआधी काढणे बरे.

प्रस्ताव एरवी हसण्यावारी गेला असता. तो गेला नाही, कारण ही मुलगी शाळेत बोलत नाही. घरी ती अखंड बोलते. मराठीत भांडते, हिंदीत नकला करते, झोपेतही काही पुटपुटते. शाळेत मात्र, वर्गात पन्नासाच्या घरात मुले असताना, ती वर्षभरात स्वतःहून एकदाही उभी राहिली नाही. वह्या पूर्ण असतात, गुण वाईट नाहीत, तक्रार कोणाची नाही. आणि तक्रार नाही म्हणून कोणाचे लक्षही नाही. तिची मराठी घराच्या उंबरठ्यावर थांबते, हिंदी मधल्या सुटीपुरती उरते आणि वर्गातील इंग्रजीपर्यंत पोहोचेतो तिचा प्रश्न विझून गेलेला असतो. परप्रांतात वाढणाऱ्या कित्येक मुलांचा हा अनुभव आहे. तीन भाषा येणारे मूल तीन दारांमध्ये उभे राहते आणि कोणते उघडावे हे ठरेपर्यंत तास संपतो. त्या पाच घरांच्या शाळेत प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्या भाषेचा एक तास मिळतो. तेथील बंगाली मुलगा बंगाली लिहावयास शिकला आहे. आपली मुलगी देवनागरी जाणते, पण मराठी वाचत नाही, ही गोष्ट आईला वर्गातील मौनाहूनही अधिक बोचत होती.

कायद्याचा प्रश्न गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात तपासला. बँकेतल्या माणसाची ती सवय. संविधानात २००२ साली ८६व्या दुरुस्तीने शिक्षण हा ६ ते १४ वयोगटातील मुलांचा मूलभूत हक्क झाला, आणि त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातले. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला परिसरातील शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. मात्र न घालणाऱ्या पालकाला त्या कायद्यात दंड सांगितलेला नाही. मुक्त विद्यालयाची राष्ट्रीय संस्था १९८९ पासून आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष अशा तिच्या पायऱ्या आहेत, आणि दहावीच्या परीक्षेला तेथे वयाच्या चौदाव्या वर्षी बसता येते. तात्पर्य, गृहशिक्षणाला कायद्याने स्पष्ट मान्यता दिलेली नाही आणि शिक्षाही ठेवलेली नाही. कायदा एक दार अर्धवट लोटून बाजूला उभा राहिला आहे. त्या दारातून आत जायचे की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे.

गृहस्थांचे मन योजनेकडे झुकले. त्यांच्या मागे काही वाचनही होते. इव्हान इलिच यांचे 'डीस्कूलिंग सोसायटी' १९७१ साली प्रसिद्ध झाले. शाळा ज्ञान देते त्याहून अधिक परिणामकारकपणे ती प्रमाणपत्र नसलेल्याला स्वतःच्या हीनतेची खात्री पटवते, आणि गरीब देशांत हा धडा सर्वांत खोल उतरतो, हे इलिच यांचे म्हणणे ज्यांनी एकदा वाचले त्यांना ते सहसा विसरता येत नाही. जॉन होल्ट हे अमेरिकेतील शिक्षक. आधी शाळा सुधारेल अशी आशा त्यांनी बाळगली; ती सोडल्यावर १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यांनी नियतकालिक काढले आणि १९८१ साली 'टीच युवर ओन' हे पुस्तक लिहिले. मुले शिकतात ती कुतूहलाने, आणि भीतीने ती शिकण्याचे सोंग करावयास शिकतात, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. मुलीच्या पूर्ण वह्या आणि बंद तोंड पाहिले की गृहस्थांना तो गाभा आपल्या घरात येऊन बसल्यासारखा वाटे. शिवाय सहकाराचे त्यांना वावडे नव्हते. ज्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी प्रवरेच्या काठी साखर कारखाना उभा केला तेथल्या माणसाला पाच घरांनी मिळून एक वर्ग चालवणे अशक्य का वाटावे?

विरोध झाला तो पत्नीकडून, आणि तो अनपेक्षित होता. शिकवण्याची संधी त्यांना मिळत होती, मराठीचा तास मिळत होता, मुलगी डोळ्यांसमोर राहत होती. तरीही त्या 'हो' म्हणेनात. आपल्याला नेमके काय अडते आहे हे आरंभी त्यांनाही सांगता येईना. माहितीची उणीव नव्हती. ती गोष्ट मराठी माणसाच्या आठवणीत कुठे तरी खोल रुतलेली होती.

मराठीत स्त्रीशिक्षणाचा इतिहास घरातच सुरू होतो. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवले. आनंदीबाई जोशी यांना गोपाळरावांनी शिकवले. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. रमाबाई रानडे यांची पहिली शाळा म्हणजे न्यायमूर्तींची खोली. पंडिता रमाबाई तर गृहशिक्षणाचे शिखरच म्हणावयास हवे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या लक्ष्मीबाईंनी घरकामातून वेळ काढून ते मुलीच्या मुखी घातले. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली. घर काय करू शकते याला याहून मोठा दाखला कोणता?

परंतु याच दाखल्याची दुसरी बाजू आहे, आणि ती बाईंना हळूहळू दिसू लागली. घरी शिकलेल्या या स्त्रियांनी पुढे काय केले? सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींना शिकवावयास घेतले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनाचा भार वाहिला. घरच्या विद्येचे सर्वोत्तम फळ ज्यांच्या हाती पडले त्यांनी 'सर्वांनी आपापल्या घरी शिकवावे' असे सांगितले नाही. त्यांनी शाळा काढल्या. जिच्या घरात जोतीराव नाहीत, अनंतशास्त्री नाहीत, तिचे काय, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. चांगले घर लाभणे हे दैव असते. शाळा हा त्या दैवावर शोधलेला उपाय होता.

लखनौला तर ही गोष्ट संगीताच्या रूपाने ठाऊक आहे, आणि तीही एका मराठी माणसामुळे. विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. उस्तादांच्या घराघरांत बंद असलेल्या चिजा त्यांनी जन्मभर फिरून गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या. १९२६ साली लखनौत त्यांनी आणि राय उमानाथ बली प्रभृतींनी मॅरिस कॉलेज स्थापन केले. पुढे ते भातखंडे यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि आज ते विद्यापीठ आहे. तोवर गाणे 'घराण्या'त शिकावयाचे असे. हा शब्दच पुरेसा बोलका आहे. घराण्याने जे राखले ते अमोल होते. पण ते रक्ताच्या नात्यासाठी आणि मर्जीतल्या शिष्यासाठी राखले होते. वर्गात बसवून गवई तयार होत नाहीत, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. कॉलेजची धुरा दीर्घकाळ वाहणारे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर स्वतः भातखंडे यांच्याखेरीज उस्ताद फैयाज खाँ यांच्याजवळही शिकलेले होते. म्हणजे घर लागतेच. पण ज्याच्या सात पिढ्यांत कोणी सूर लावला नाही अशा मुलालाही फी भरून षड्‌ज विचारता यावा, हे घराण्याने कधी केले नसते. ते शाळेने केले.

या वादात गांधींचे उदाहरण टाळता येत नाही. १८९७ च्या जानेवारीत ते दरबानला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन मुलगे आणि बहिणीचा मुलगा होता. गोऱ्यांच्या शाळेत केवळ मेहेरबानी म्हणून, अपवाद म्हणून, त्यांना प्रवेश मिळाला असता. इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांना मिळवून देणे गांधींना पटले नाही. त्यांनी मुलांना घरीच शिकवले. गृहशिक्षणाचे हे कारण आजच्या गृहशिक्षकांच्या कारणांहून फार वेगळे आहे. ते विशेष काही मिळवण्यासाठी नव्हते. विशेष काही नाकारण्यासाठी होते. तरीही त्याची किंमत मुलांनी मोजली. आपल्याला रीतसर शिक्षण मिळाले नाही ही मुलांची तक्रार गांधींनी आत्मचरित्रात नमूद केली आहे. आणि थोरले हरिलाल १९११ साली वडिलांपासून दूर होऊन हिंदुस्थानात परतले त्यामागे शिकण्याची ती राहून गेलेली इच्छाही होती. वडिलांचे तत्त्व कितीही उदात्त असले तरी ते मुलाच्या आयुष्यातून वसूल होते, ही गोष्ट गृहस्थांनी वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. त्या रात्री प्रस्तावावर चर्चा झाली नाही.

पण त्याच आत्मचरित्रात आणखी एक प्रकरण आहे, आणि सहकारी गृहशाळेचा विचार करणाऱ्याने ते अवश्य वाचावे. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म वसले. सत्याग्रहींची कुटुंबे तेथे राहिली. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती मुले एकत्र शिकली. सकाळी शेतकाम, दुपारी पाठ. शिक्षक गांधी आणि कॅलनबाख. प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेतून शिकवण्याचा प्रयत्न होता. तमिळ मुलांना तमिळ शिकवताना गांधींचे ज्ञान मुलांपेक्षा फारसे अधिक नव्हते. ही अनेक कुटुंबांची मिळून चालवलेली शाळाच होती. तेथे काही मुले वाह्यात होती. तुमच्या मुलांना या मुलांत मिसळू देता हे मला पटत नाही, असे कॅलनबाख यांनी एकदा गांधींना स्पष्ट सांगितले. गांधींनी मुले वेगळी केली नाहीत. फार्मवरील मुले कोणी निवडून आणलेली नव्हती. ज्यांचे आईबाप लढ्यात उतरले होते, तुरुंगात गेले होते, त्यांची ती मुले होती. एका शाळेत कोण बसणार हे तेथे एका समान संकटाने ठरवले होते.

गोमती नगरच्या पाच घरांत ते कशाने ठरले होते? बाईंचे अडणे येथे येऊन स्पष्ट झाले. ती पाचही घरे चांगली होती. त्यांनी एकमेकांना निवडले होते: पुस्तके असलेली, मोकळी सकाळ असलेली, निदान एका पालकाने नोकरी न केली तरी भागणारी घरे. त्यांच्या हेतूंत काही काळेबेरे नव्हते. पण आपले मूल कोणाशेजारी बसेल हे तेथे आईबाप ठरवत होते. शाळेत ते हजेरीपट ठरवतो, आणि हजेरीपटाला आपली आवडनिवड नसते.

यावर गृहस्थांचे उत्तर तयार होते, आणि ते बिनतोड होते. आपली शाळा तरी कोठे सर्वांची आहे? तिची फी पाहा. शाळेच्या फाटकाशी चाळण लावलेलीच आहे. पाच घरांची चाळण थोडी बारीक, एवढेच. लखनौतील, किंबहुना सर्व मोठ्या शहरांतील, खाजगी शाळांविषयी हे म्हणणे खोटे ठरवणे कठीण आहे. सामायिक शाळेचे स्वप्न सांगून जो आपले मूल फी-शाळेत पाठवतो तो स्वप्नाची झालर पडद्याला लावीत असतो. बाईंनी हे मान्य केले. मान्य करून त्या म्हणाल्या, "चाळणीला एक भोक मोठं आहे, अहो. तेवढं तरी बुजवू नये."

ते भोक म्हणजे २००९च्या कायद्याचे बारावे कलम. विनाअनुदानित खाजगी शाळांनी आपल्या प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात असे ते सांगते. या कलमाची अंमलबजावणी कोठे कशी होते याविषयी पुष्कळ लिहिता येईल. येथे सांगावयाचे ते इतकेच, की त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर झाडाखाली कोळशाची इस्त्री घेऊन कपडे करणाऱ्या बाईची मुलगी सोडतीत नाव लागून त्या शाळेत आली, आणि ती याच मुलीच्या बाकावर बसते. शाळेत न बोलणारी मुलगी जिच्याशी कुजबुजते ती हीच. प्रस्तावाविषयी मुलीला प्रथम विचारले तेव्हा झाडे, खेळ, कमी मुले, आई शिकवणार, हे सगळे तिने नीट ऐकून घेतले आणि एकच विचारले: "ती पण येणार का तिकडे?"

तिलाही बरोबर न्यावे, खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, असा विचार बाईंच्या मनात आला. त्यांनी तो इस्त्रीवाल्या बाईंपाशी बोलून दाखवला. त्या बाईंनी इस्त्री खाली ठेवली, काही वेळ ऐकले आणि म्हणाल्या, "नहीं दीदी, हमारी बिटिया तो स्कूल ही जाएगी." स्वरात राग नव्हता, आभारही नव्हते. ज्या कागदावर शाळेचा शिक्का असतो तो कागद त्या घरात पहिल्यांदा येत होता. प्रयोग फसला तर बँक अधिकाऱ्याच्या मुलीला दुसरी शाळा मिळेल, तिसरी मिळेल. त्यांच्या मुलीला सोडत पुन्हा लागणार नाही. इलिच यांनी ज्या प्रमाणपत्राचा उपहास केला त्याच्याविना जगता येईल असे म्हणण्याचा अधिकार ते घरात टांगलेले असणाऱ्याचाच असतो. शाळा सोडण्याची ऐपत शाळेनेच दिलेली असते.

याच सुमारास साताऱ्याहून गृहस्थांच्या आईचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती. त्यांचे सासरे, म्हणजे गृहस्थांचे आजोबा, कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन झाली. पुढे साताऱ्यात निघालेल्या त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवीत, आणि मुलांच्या पोटाला कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ही कथा साताऱ्यात सर्वांना ठाऊक आहे. "सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "मामंजी सांगायचे, बोर्डिंगात पयल्या दिवशी शेजारी कोण बसलंय ते बघूनच घास अडकला व्हता. आन् चौथ्या दिवशी त्याच्याच ताटातलं खाल्लं. तुमच्या त्या घरातल्या शाळंत पोरीचा घास कुणाला बघून अडकनार?" बाईंना यावर उत्तर सुचले नाही. सासूबाईंनीही त्याची वाट न पाहता लोणच्याची चौकशी केली.

गोमती नगरातच, विपुल खंडात, तांबड्या दगडाचे एक विस्तीर्ण स्मारक आहे. डॉ. आंबेडकर यांच्या नावाने २००८ साली ते लोकांसाठी खुले झाले. महात्मा फुले आणि शाहू महाराज यांच्या स्मृतीलाही ते वाहिलेले आहे. त्याच्या खर्चावरून वाद झाले, हत्तींच्या रांगांवरून झाले. मराठी माणूस तेथे फिरावयास गेला तर त्याला मात्र वेगळेच काही आठवावे. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात ते सक्तीचे केले. गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ते अमलात आणले. आणि ज्यांच्या नावाचे हे स्मारक, ते साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून दूर बसले. शिपायाने वरून ओतले तरच त्यांना पाणी मिळे. शाळेने मुलाला छळल्याचा याहून कठोर दाखला देता येणार नाही. तरीही बाबासाहेबांनी शाळेकडे पाठ फिरवण्याचा उपदेश केला नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. शाळेतील अपमानावरचे त्यांचे उत्तर अधिक शाळा हे होते. सक्ती हा शब्द आज कानाला टोचतो. पण त्या शब्दासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या लोकांची भाषा मराठी होती, हे विसरून चालणार नाही.

एवढे सगळे खरे असले तरी वर्गात मौन धरून बसलेली मुलगी खरीच असते. इतिहासाचे ऋण नऊ वर्षांच्या मुलीने का फेडावे, हा गृहस्थांचा शेवटचा प्रश्न होता, आणि तो या चर्चेतला सर्वांत प्रामाणिक प्रश्न म्हटला पाहिजे. हरिलालचे उदाहरण दोन्हीकडे लागू पडते: घरी ठेवूनही तत्त्वाची किंमत मुलाकडून वसूल होऊ शकते आणि शाळेत ठेवूनही. 'संस्कृत शाला म्हणजे मुळात घरच,' असे शब्दकोश सांगतो. पण व्युत्पत्तीने कोणाची शाळा घरासारखी होत नाही. ज्या शाळेत मुलाला तोंड उघडता येत नाही ती शाळा सर्वांची असून त्याची मात्र नसते. तेव्हा शाळेत ठेवण्याचा निर्णय करणाऱ्यावर घरी ठेवणाऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, जबाबदारी येते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निर्णय झाला. मुलीचे नाव काढावयाचे नाही. निदान या वर्षी नाही. वर्गशिक्षिकेशी वेळ ठरवून आई भेटली आणि तक्रार न करता मुलीचे मौन तिने समजावून सांगितले. आठवड्यातून एकदा मुलीने तोंडी उत्तर द्यावे, ते हिंदीत दिले तरी चालेल, इतके तरी त्यातून पदरात पडले. संध्याकाळचा पाऊण तास मराठी वाचनासाठी राखला गेला. हे पुरेल का, याची हमी नाही. पुढच्या मार्चमध्ये हा प्रश्न पुन्हा विचारावयाचा आणि त्या वेळी मुलीचे मत आधी घ्यावयाचे, असे दोघांनी ठरवले आहे. एकदा घेऊन मोकळे व्हावे अशा जातीचा हा निर्णय नव्हे.

पाच घरांना त्यांनी पत्र लिहिले. नकार कळवला, आणि एक प्रस्ताव उलट पाठवला. शनिवारी सकाळी विज्ञान शिकवावयास बाई येतील, मोबदला नको. अट एकच: त्या दिवशी अंगणाचे फाटक उघडे असावे आणि रस्त्यावरचे जे मूल येईल त्याला बसू द्यावे, मग ते शाळेत जाणारे असो वा नसो. इस्त्रीवाल्या बाईंनी शनिवारला मात्र हरकत घेतलेली नाही.

पाच घरांपैकी तिघांनी होकार कळवला आहे. एका घराला गर्दीची काळजी वाटते. पाचव्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. सहकाराचा आरंभ बहुधा असाच होतो.